रिव्हॉल्व्हर, कराबीन आणि काडतूस

शस्त्रांचा शौक असणारीं माणसें एकत्र जमलीं म्हणजे त्यांच्यांत तीन वाद हटकून निघतात. पहिला वाद रिव्हॉल्व्हरचा. नुसता चाप ओढतांच बार काढणारें रिव्हॉल्व्हर चांगलें, कीं दर वेळीं अंगठ्यानें घोडा चढवून शांतपणें नेम धरावयास लावणारें चांगलें ? दुसरा वाद कराबिनीचा. घोडेस्वाराला सोईची अशी ही आखूड बंदूक लांब रायफलीची बरोबरी करूं शकेल काय ? तिसरा वाद गोळीचा. लहान पण वेगवान गोळी अधिक कामाची, कीं जड आणि संथ गोळी ? हे तिन्ही वाद जुने आहेत, आणि त्यांत भाग घेणारे दोन्ही पक्ष पोलाद आणि लाकूड यांच्याकडेच बोट दाखवीत असतात. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. या तिन्ही वादांचा निकाल बहुतेक वेळां लावला तो बंदुकीनें नव्हे, तर बंदुकीच्या पोटांत जाणाऱ्या एका बोटभर वस्तूनें, म्हणजे काडतुसानें. दारू, गोळी आणि ठिणगी या तिघांचा संसार ज्या एका लहानशा डबींत थाटलेला असतो, ती ही वस्तु. तिचें मराठी नांव पोर्तुगीज भाषेंतून आलेलें आहे, आणि पिस्तूल हा शब्दही त्याच वाटेनें मराठींत आला. परदेशी तारवांतून आलेल्या या पाहुण्यानें पुढें हिंदुस्थानांत जो प्रळय घडवला, त्याचीही हकीकत या इतिहासांतच येते.

काडतूस पूर्णत्वास येण्यापूर्वीं बंदूक भरणें हें एक लहानसें अनुष्ठानच होतें. नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, वर गोळी घालावी, गजानें ठासावी, कानाशीं रंजक घालावें आणि मग तोड्यानें किंवा गारेच्या ठिणगीनें तें पेटवावें. वारा सुटला कीं रंजक उडून जाई, पाऊस आला कीं भिजून जाई. या अडचणींतून पहिला मार्ग काढला तो एका धर्मोपदेशकानें. स्कॉटलंडांतील रेव्हरंड अलेक्झांडर फॉर्साइथ याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भपका पाहून पक्षी उडून जातात म्हणून त्यानें आघातानें पेट घेणाऱ्या स्फोटक लवणाचा उपयोग करून पाहिला आणि १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. याच तत्त्वावर पुढें तांब्याची चिमुकली टोपी निघाली आणि टोपीच्या बंदुका सर्वत्र झाल्या. ही टोपी नसती तर रिव्हॉल्व्हर केवळ कारागिराचें खेळणेंच राहिलें असतें, कारण फिरत्या चक्राच्या प्रत्येक कोठ्याला उघडें रंजक घालून तें घोड्यावर वागवणें अशक्य होतें.

टोपीचा हा लाभ पुरेपूर उठवला तो अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट यानें. कोल्टचा जन्म १८१४ चा. वयाच्या बाविसाव्या वर्षीं, म्हणजे १८३६ सालीं, त्यानें अमेरिकेंत आपल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें पेटंट मिळवलें आणि न्यू जर्सींतील पॅटरसन या गांवीं कारखाना काढला. पण सरकारनें फारशी मागणी केली नाहीं, आणि १८४२ च्या सुमारास कारखाना बुडाला. शोध खरा आणि शोधक हुशार, तरीही ही गत झाली ! त्याच्या शोधाला जीवदान मिळालें तें टेक्ससच्या माळरानावर. १८४४ च्या जून महिन्यांत कॅप्टन जॅक हेज याच्या सुमारें पंधरा स्वारांनीं कोल्टचीं पांच बारांचीं रिव्हॉल्व्हरें घेऊन कोमांची लोकांच्या कितीतरी मोठ्या टोळीशीं सामना दिला आणि तींत ते टिकून राहिले. एक बार काढल्यावर गोरा स्वार हात चोळीत बसतो, तेवढ्यांत आपले बाण सुटतात, हा कोमांची लोकांचा अनुभव त्या दिवशीं खोटा ठरला. त्या लढाईंत सॅम्युअल वॉकर नांवाचा एक स्वार होता. मेक्सिकोच्या युद्धाच्या वेळीं यानेंच कोल्टला अधिक दणकट शस्त्राचा आग्रह केला, आणि १८४७ सालीं सरकारनें एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी केली. कोल्टपाशीं तेव्हां कारखाना नव्हता; व्हिटनी याच्या कारखान्यांत तीं तयार करवावीं लागलीं.

वॉकरच्या नांवानें प्रसिद्ध झालेलें हें रिव्हॉल्व्हर साडेचार पौंड वजनाचें होतें. त्याच्या एकेका कोठ्यांत साठ ग्रेनपर्यंत दारू मावे. शौकीन लोक आजही त्याचें नांव आदरानें घेतात, पण त्याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवली पाहिजे. त्या काळचें लोखंड इतक्या दारूचा जोर सोसण्यास समर्थ नव्हतें, आणि पुष्कळ रिव्हॉल्व्हरांचीं चक्रें वापरणाऱ्याच्या हातांतच फुटलीं. पुढच्या नमुन्यांत चक्र आखूड करून दारू कमी करावी लागली. शिवाय सहा बार संपल्यावर तें पुन्हां भरणें, म्हणजे सहा वेळां दारू, सहा वेळां गोळी, आणि सहा टोप्या, हें काम धांवत्या घोड्यावर होण्यासारखें नव्हतेंच. खुद्द वॉकर त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें मेक्सिकोंतील वामांत्ला येथील लढाईंत कामास आला.

१८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल्टनें आपलीं रिव्हॉल्व्हरें मांडलीं, तेव्हां त्याच्या समोर इंग्रज कारागीर रॉबर्ट ॲडम्स उभा राहिला. शौकिनांचा पहिला वाद जाहीरपणें सुरू झाला तो येथूनच. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानें चढवावा लागे. त्यामुळें नेम स्थिर राही. ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्यें चाप ओढला कीं घोडा आपोआप चढे आणि पडे. त्यामुळें हातघाईच्या प्रसंगीं तें जलद चाले. मोकळ्या माळावर दूरच्या शत्रूशीं लढणाऱ्यास पहिलें सोईचें, तर किल्ल्याच्या खिंडारांत अंगावर येणाऱ्यास थोपवणाऱ्याला दुसरें सोईचें. वस्तुतः प्रश्न शस्त्राचा नसून प्रसंगाचा होता. इंग्रज सरकारनें क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास कोल्टचीं हजारों रिव्हॉल्व्हरें घेतलीं. पण बोमाँट नांवाच्या अधिकाऱ्यानें ॲडम्सच्या यंत्रांत दोन्ही रीतींची सोय केल्यावर १८५६ पासून त्याच नमुन्यास पसंती मिळाली आणि कोल्टचा लंडनमधील कारखाना बंद झाला. वाद मिटला तो दोन्ही पक्षांचें म्हणणें एकाच यंत्रांत बसवल्यानें.

पण कोल्ट आणि ॲडम्स दोघेही ज्या गोष्टींत अडले होते, ती भरण्याची अडचण सोडवली स्मिथ आणि वेसन या जोडीनें. १८५७ सालीं त्यांनीं एक लहानसें रिव्हॉल्व्हर विक्रीस काढलें. त्याच्या चक्रांतील कोठे आरपार कोरलेले होते, आणि तांब्याच्या पुंगळींत दारू, गोळी व स्फोटक असें सारें सिद्ध असलेलें काडतूस त्यांत मागून घालतां येत असे. आरपार कोठ्यांचें पेटंट मात्र रोलिन व्हाइट नांवाच्या गृहस्थाचें होतें. त्याला दर रिव्हॉल्व्हरमागें पंचवीस सेंट मिळावयाचे, पण पेटंटाचें रक्षण त्यानें स्वखर्चानें करावयाचें, असा करार झाला. परिणाम असा झाला, कीं त्याच्या मिळकतीचा मोठा भाग कोर्टकचेऱ्यांतच गेला. १८६९ सालीं पेटंटाची मुदत संपली. ती वाढवून मागण्याचा मार्ग त्याला मोकळा करून देणारें विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसनें मंजूर केलें. पण १८७० च्या जानेवारींत अध्यक्ष ग्रँट यानें तें नामंजूर केलें. जगांतील बहुतेक सारीं रिव्हॉल्व्हरें पुढें ज्या युक्तीनें बनलीं, तिच्या पेटंटाचा धनी अशा रीतीनें मागें राहिला.

ज्या १८५७ सालीं अमेरिकेंत धातूचें काडतूस बाजारांत आलें, त्याच सालीं हिंदुस्थानांत कागदाच्या काडतुसानें एक राज्य हादरवलें. एनफील्ड रायफलीचें काडतूस चरबी लावलेल्या कागदाचें असे, आणि तें दातांनीं तोडून दारू नळींत ओतावयाची अशी कवाईत होती. ही चरबी गाईची व डुकराची आहे, ही वार्ता त्या वर्षीं जानेवारींत कलकत्त्याजवळील डमडम येथें प्रथम उठली आणि छावणीछावणींतून पसरली. २९ मार्च रोजीं बराकपूर येथें मंगल पांडे यानें शस्त्र उचललें. त्यानंतर मीरत येथें जें घडलें तें विशेष विचार करण्यासारखें आहे. २४ एप्रिल रोजीं तिसऱ्या हलक्या घोडदळाचा अधिकारी कर्नल स्मिथ यानें नव्वद निवडक स्वारांची कवाईत बोलावली. त्या दिवशीं पुढें केलेलीं काडतुसें नवीं नव्हतीं. स्वार नेहमीं वापरीत त्याच जुन्या नमुन्याचीं होतीं. तीं दातांऐवजीं हातानें कशीं तोडावीं हेंच त्यांना दाखवावयाचें होतें. तरीही पंचाऐशीं स्वारांनीं त्यांना हात लावण्याचें नाकारलें. ९ मे रोजीं साऱ्या सैन्यासमक्ष त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यांत आल्या, आणि १० मे रोजीं मीरत पेटलें.

शस्त्रशास्त्राच्या दृष्टीनें पाहणारा मनुष्य म्हणेल, कीं त्या काडतुसांत कांहींच दोष नव्हता. हें खरें आहे, आणि तरीही तें अपुरें आहे. काडतूस हें दारू व शिसें यांचें मिश्रण असतें, तसाच तो शिपाई आणि त्याचा धनी यांच्यांतील विश्वासाचा व्यवहारही असतो. जो पदार्थ शिपायानें तोंडाला लावावयाचा, त्यांत काय आहे हें त्याला प्रामाणिकपणें सांगण्याची गरज ज्यांना वाटली नाहीं, त्यांचा खुलासा पुढें कोणींच ऐकून घेतला नाहीं. बंडाचीं कारणें अनेक होतीं. परंतु ठिणगी पडली ती येथें.

कराबिनीच्या वादाचा निकालही काडतुसानेंच लावला. घोडेस्वाराची बंदूक आखूड असल्यानें तिचा पल्ला कमी, आणि घोड्यावर बसून तोंडाकडून भरणें जिकिरीचें; म्हणून कराबीन ही कायमची दुय्यम मानली जाई. क्रिस्टोफर स्पेन्सर या तरुण कारागिरानें १८६० सालीं जी बंदूक काढली, तिच्या दस्त्यांत सात धातूचीं काडतुसें राहत. खालची कडी पुढें-मागें केली कीं रिकामी पुंगळी बाहेर पडे आणि नवें काडतूस जागेवर येई. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतांही दारूगोळा खात्याचा प्रमुख जनरल रिप्ली हा अशा बंदुकांना अनुकूल नव्हता. शिपाई गोळ्या उधळतील, आणि इतक्या प्रकारचा दारूगोळा पुरवतां पुरवतां खात्याची त्रेधा उडेल, असें त्याचें म्हणणें होतें. कर्नल वाइल्डर याच्या पलटणींतील शिपाई तर स्वतःच्या पगारांतून स्पेन्सरच्या रायफली घेण्यास सिद्ध झाले. २४ जून १८६३ रोजीं हूव्हर्स गॅप येथें त्यांनीं संख्येनें अधिक असलेल्या शत्रूला रोखून धरलें, आणि मग त्या बंदुकांचें मोल सरकारलाही पटलें. ऑगस्टमध्यें स्पेन्सरनें अध्यक्ष लिंकन यांच्यासमोर आपली बंदूक ठेवली व लिंकन यांनीं स्वतः ती चालवून पाहिली. सप्टेंबरांत रिप्ली निवृत्त झाला. अखेरीस नव्वद हजारांहून अधिक स्पेन्सर कराबिनी सरकारनें घेतल्या.

रिप्लीची थट्टा करणें सोपें आहे. पण पुरवठ्याविषयीं त्यानें दाखवलेली भीति पोकळ नव्हती, हें पुढच्याच दशकांत दिसून आलें. १८७३ सालीं अमेरिकेच्या घोडदळाला कोल्टचें रिव्हॉल्व्हर आणि स्प्रिंगफील्डची एकबारी कराबीन मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं स्मिथ आणि वेसन यांचें स्कोफील्ड नमुन्याचें रिव्हॉल्व्हरही घेण्यांत आलें. दोहोंच्या गोळीचा व्यास सारखाच म्हटला जाई. पण स्कोफील्डचें काडतूस आखूड होतें. तें कोल्टमध्यें चाले, कोल्टचें लांब काडतूस मात्र स्कोफील्डमध्यें बसत नसे. ज्या ठाण्यावर चुकीची पेटी पोंचेल, तेथील स्वाराच्या कमरेला उत्तम रिव्हॉल्व्हर असून तें लोखंडाच्या तुकड्याच्या किंमतीचें ठरे. अखेरीस दोन्हींत चालेल असें आखूड काडतूसच सरकारला तयार करावें लागलें.

याच काळांतील लिटल बिगहॉर्नची लढाई शौकिनांच्या बोलण्यांत नेहमीं येते. २५ जून १८७६ रोजीं जनरल कस्टर आणि त्याच्या हाताखालील सुमारें दोनशेंदहा माणसें सू आणि शायेन लोकांशीं लढतांना मारलीं गेलीं. प्रत्येक स्वारापाशीं कराबिनीचीं शंभर आणि रिव्हॉल्व्हरचीं चोवीस काडतुसें असत. काडतुसाची पुंगळी तांब्याची असल्यानें ती तापून नळींत चिकटली, स्वारांना ती चाकूनें उकरून काढावी लागली, आणि त्यामुळेंच घात झाला, अशी समजूत पुष्कळ वर्षें रूढ होती. मेजर रेनो यानें लढाईनंतर अशी तक्रार केलीही होती. पण त्याच्या आंकड्याप्रमाणें ३८० कराबिनींपैकीं निकामी झालेल्या फक्त सहा होत्या. १९८३ सालीं त्या माळावरचें गवत वणव्यानें जळालें, आणि पुढील वर्षांपासून तेथें पद्धतशीर उत्खनन झालें. सांपडलेल्या पुंगळ्यांपैकीं उकरल्याच्या खुणा फारच थोड्यांवर निघाल्या. उलट, सू व शायेन लोकांच्या हातीं हेन्री आणि विंचेस्टर यांच्या अनेकबारी बंदुका बऱ्याच होत्या, हें त्या जमिनींतल्या पुंगळ्यांनींच सिद्ध केलें. दोष सारा तांब्यावर ढकलणें सेनापतीच्या चाहत्यांना सोईचें होतें. जमिनीनें मात्र त्यांची साक्ष मानली नाहीं.

रिव्हॉल्व्हर आणि कराबीन यांचा मेळ घालण्याचें श्रेय द्यावयाचें तर तें विंचेस्टरच्या १८७३ च्या नमुन्याला द्यावें लागेल. त्याचें ४४-४० या नांवाचें काडतूस फार जोरकस नव्हतें. पण कोल्टनें त्याच दशकांत आपलें रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठीं तयार केल्यावर, सरहद्दीवरील मनुष्याला एकाच कमरपट्ट्यांतून दोन्ही शस्त्रें भरतां येऊं लागलीं. दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असतां या सोईची किंमत काय, हें ज्याचें त्यालाच ठाऊक ! पुढें विंचेस्टरनें बळकट बंदुका काढल्यावर त्यांच्यासाठीं अधिक जोराचीं काडतुसें निघालीं. आकार तोच, परंतु जुन्या रिव्हॉल्व्हरांत तीं घातक; म्हणून तीं रिव्हॉल्व्हरांत वापरूं नयेत असें डब्यांवर छापावें लागलें. बाह्य रूप एक असलें तरी आंतील बळ ओळखलें पाहिजे, हा धडा शस्त्रांपुरताच नाहीं.

१८८४ सालीं फ्रान्सांत पॉल व्हिएय यानें बिनधुराची दारू तयार केली, आणि तिसऱ्या वादाला, म्हणजे गोळीच्या वादाला, तोंड फुटलें. गोळी लहान झाली, वेग वाढला, पल्ला लांबला. पण १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रज अधिकारी अशी तक्रार करूं लागले, कीं ही नवी गोळी अंगांतून आरपार जाते आणि माणूस तसाच चालून येतो. तेव्हां डमडमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें शिशाचें टोंक उघडें ठेवलेली गोळी तयार केली. ती शरीरांत शिरतांच पसरे आणि भयंकर जखम करी. ज्या डमडममध्यें १८५७ सालीं काडतुसाविषयींची वार्ता उठली, त्याच गांवाचें नांव अशा रीतीनें जगाच्या युद्धकोशांत दाखल झालें. १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत या गोळीचा प्रश्न निघाला. ब्रिटिश प्रतिनिधि सर जॉन आर्डा यानें असा युक्तिवाद केला, कीं सुधारलेल्या राष्ट्राचा शिपाई जखमी झाला कीं मागें हटतो, रानटी मनुष्य तसाच पुढें येतो, म्हणून त्याच्यासाठीं वेगळी गोळी हवी. परिषदेनें हें मानलें नाहीं. २९ जुलै १८९९ च्या जाहीरनाम्यानें पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी झाली, आणि ब्रिटननें १९०७ सालीं ती मान्य केली. मनुष्याच्या वेदनेला वर्णाप्रमाणें दोन मापें लावतां येत नाहींत, एवढें तरी त्या दिवशीं कागदावर आलें.

दुसरीकडे अमेरिकेचा अनुभव असाच होता. फिलिपाइन बेटांत मोरो लोकांशीं लढतांना ३८ शतांश इंची रिव्हॉल्व्हर अपुरें पडतें अशी ओरड झाली. १९०४ सालीं थॉम्प्सन आणि मेजर लागार्ड यांनीं शिकागोच्या कत्तलखान्यांत गुरांवर, आणि शिवाय मृतदेहांवरही, निरनिराळ्या गोळ्यांचे प्रयोग केले, आणि ४५ शतांशांहून लहान गोळी सैन्यानें घेऊं नये असा अभिप्राय दिला. १९११ सालचें प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल त्याचेंच फळ होय. जड गोळीचे अभिमानी या अहवालाचा दाखला नेहमीं देतात. पण त्याच अहवालांत असेंही सांगितलेलें आहे, कीं मर्मस्थानाव्यतिरिक्त कोठेंही लागलेली गोळी माणसाला तत्काळ थांबवील असा भरंवसा नाहीं, म्हणून शिपायाला नेमाची तालीम अखंड द्यावी. अहवालाचा हा भाग मात्र वादांत क्वचितच ऐकूं येतो.

रिव्हॉल्व्हर आणि कराबीन यांची गांठ पुन्हां एकदां पडली ती १९४१ सालीं. ज्यांना लांब रायफल जड आणि पिस्तूल कुचकामी, अशा गाडीवान, तोफखान्यांतील माणसें व अधिकारी यांच्यासाठीं अमेरिकेनें ३० शतांश इंची हलकी कराबीन घेतली. ती पांच पौंडांच्या आसपास भरे आणि तिच्यांत पंधरा काडतुसें मावत. दुसऱ्या महायुद्धांत ती साठ लाखांहून अधिक तयार झाली. ज्यांना ती पिस्तुलाच्या जागीं मिळाली ते तिच्यावर खूष झाले. परंतु कोरियाच्या युद्धांत (१९५०-५३) ज्यांनीं तिच्याकडून रायफलीचें काम घेऊं पाहिलें, त्यांच्याकडून तिच्या दुबळेपणाच्या तक्रारी आल्या. शस्त्र तेंच, अपेक्षा मात्र निराळ्या.

महाराष्ट्राला या इतिहासाचें प्रत्यक्ष दर्शन झालें तें खडकी येथें. १८५७ च्या अनुभवानंतर बारा वर्षांनीं, १८६९ सालीं, तेथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पण १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा सामान्य हिंदी मनुष्याला गुन्हा ठरला. अशा रीतीनें ज्या देशांत काडतुसें तयार होत, त्याच देशांतील प्रजेला तीं बाळगण्याची बंदी होती.

रिव्हॉल्व्हर कोणतें चांगलें, कराबीन कोणती चांगली, गोळी कोणती चांगली, हे वाद पुढेंही चालत राहतील, आणि शौक म्हणून त्यांत वाईट कांहीं नाहीं. फॉर्साइथच्या शोधापासून कोरियापर्यंतचा हा प्रवास मात्र असें सांगतो, कीं शस्त्राची परीक्षा त्याच्या नळीवरून पुरी होत नाहीं. त्यांत जाणारें काडतूस वेळेवर मिळेल काय, तें भरणाऱ्याचा देणाऱ्यावर विश्वास आहे काय, आणि तें ज्याच्यावर सुटावयाचें तोही माणूसच आहे याची आठवण कोणाला आहे काय, हे तीन प्रश्न त्या तीन वादांच्या आधीं विचारावे लागतात. मीरतला दुसरा प्रश्न विचारला गेला नाहीं आणि डमडमला तिसरा. त्या दोन्ही चुकांची किंमत ज्यांना द्यावी लागली, त्यांच्यापैकीं कोणीही शस्त्रांचा शौकीन नव्हता.